कोंबड्यांमधला आयबी: विषाणूचा प्रकार कसा ओळखायचा आणि लसीकरण कसं बसवायचं

"लस वेळेवर दिली होती, तरी पिल्लं घरघर करतायत. नवा व्हेरियंट आला असणार." आयबीची चर्चा बहुतेक वेळा इथूनच सुरू होते. मी हे इतक्यांदा ऐकलंय की आता पहिला प्रश्नच उलटा विचारतो: लस कोणती दिली ते नंतर सांगा, कशी दिली ते आधी सांगा. विषाणू बदलत नाही असं मला म्हणायचं नाही. तो बदलतो, आणि झपाट्यानं बदलतो. पण लस फसली की दोष आधी विषाणूला द्यायचा, ही आपली सवय महाग पडते. चुकीच्या ठिकाणी शोध घेत बसलो की पुढचा लॉटही तसाच जातो.

आयबी म्हणजे इन्फेक्शियस ब्राँकायटिस. हा कोंबड्यांचा कोरोना विषाणू. नाव ऐकून घरातली माणसं दचकतात, म्हणून सांगतो: हा माणसाला होत नाही. कोंबडीला मात्र तो श्वासनलिका, किडनी आणि अंडनलिका अशा तिन्ही ठिकाणी गाठतो.

विषाणू इतके अवतार का घेतो

हा आजार पहिल्यांदा नजरेत आला तो १९३० साली, अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात, लहान पिल्लांमध्ये. शाल्क आणि हॉन यांनी १९३१ मध्ये त्याची नोंद केली. सुरुवातीला हा फक्त पिल्लांचा श्वसनाचा आजार समजला जाई. मोठ्या कोंबड्यांची अंडी यानं घटतात हे पुढे कळलं. विषाणू एकाच प्रकारचा आहे ही समजूत तर १९५६ पर्यंत टिकली. त्या वर्षी १९४१ मधला मॅसॅच्युसेट्सचा विषाणू आणि १९५१ मधला कनेक्टिकटचा विषाणू समोरासमोर तपासले गेले, तेव्हा एकाची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला पुरत नाही असं दिसलं. तिथून यादी वाढतच गेली. १९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियात किडनी खराब करणारे प्रकार गाजले. १९९०-९१ मध्ये ब्रिटनमध्ये ४/९१ आला. त्यालाच ७९३बी असंही म्हणतात. १९९६ मध्ये चीनच्या चिंगदाओ भागातून क्यूएक्सची नोंद झाली आणि काही वर्षांत तो युरोपातही पोहोचला.

हे घडतं कसं? या विषाणूचा जनुकीय मजकूर आरएनएचा, सुमारे २७,६०० अक्षरांचा. आरएनए विषाणूंमध्ये हा मजकूर मोठाच म्हणायचा. कोरोना विषाणूंकडे नक्कल करताना झालेल्या चुका सुधारणारं एक विकर (एन्झाइम) असतं, तरीही काही चुका निसटतातच. विषाणूच्या अंगावर जे काटे असतात, त्या एस प्रथिनाचा बाहेरचा भाग म्हणजे एस१. कोंबडीच्या पेशीला चिकटायचं काम हा भाग करतो आणि कोंबडीची प्रतिपिंडंही प्रामुख्यानं यालाच ओळखतात. म्हणून इथे झालेला बदल विषाणूला सगळ्यात फायद्याचा ठरतो. कधी कधी एस१ मधली मोजकी अमायनो आम्लं बदलली तरी जुनी प्रतिपिंडं अडखळतात.

दुसरा मार्ग जास्त खोडसाळ आहे. एकाच पेशीत दोन वेगळे आयबी विषाणू शिरले, तर नक्कल करणारं यंत्र एका मजकुरावरून उडी मारून दुसऱ्यावर जातं आणि अर्धा याचा, अर्धा त्याचा असा मिश्र विषाणू तयार होऊ शकतो. यातला एक विषाणू लसीतला जिवंत विषाणूही असू शकतो. हे लक्षात ठेवा, लस निवडताना पुन्हा उपयोगी पडेल.

आता नावांच्या गोंधळाबद्दल. कुणी गावाचं नाव दिलं, कुणी नमुन्याचा क्रमांक, कुणी प्रयोगशाळेतलं टोपणनाव. २०१६ मध्ये संपूर्ण एस१ जनुकाच्या आधारे एक सामाईक वर्गीकरण मांडलं गेलं. त्यात ६ जनुकीय गट आणि त्यांखाली ३२ घराणी होती. नंतर त्यात भर पडत गेली. अहवाल वाचताना निदान एवढं ओळखता यावं: जुना मॅसॅच्युसेट्स प्रकार म्हणजे जीआय-१, ४/९१ म्हणजे जीआय-१३, क्यू१ म्हणजे जीआय-१६, क्यूएक्स म्हणजे जीआय-१९, आणि मध्यपूर्वेत आधी गाजलेला 'व्हेरियंट २' म्हणजे जीआय-२३.

पण घराण्याचं नाव कळलं म्हणजे लस ठरली असं नाही. इथे भलेभले घसरतात. जनुकीय प्रकार सांगतो की विषाणू कुणाचा नातेवाईक आहे. सिरोटाइप सांगतो की कोणती प्रतिपिंडं त्याला निष्प्रभ करतात. आणि आपल्या कामाची गोष्ट तिसरीच: कोणती लस त्याच्यापासून कोंबडीला प्रत्यक्षात वाचवते. तिला प्रोटेक्टोटाइप म्हणतात. या तिन्ही गोष्टी नेहमी जुळत नाहीत. १९९९ मध्ये जेन कुक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की आधी मॅसॅच्युसेट्स प्रकारातली एमए५ आणि नंतर ४/९१ अशी लस दिली, तर या दोन्हींपेक्षा वेगळ्या असलेल्या कितीतरी प्रकारांपासून चांगलं संरक्षण मिळतं. प्रत्येक नव्या विषाणूला नवी लस हवीच, हा हट्ट म्हणूनच बरोबर नाही.

पहिली पायरी: आधी आयबीच आहे का ते बघा

रात्री शेडमध्ये जा. पंखे बंद करा, दिवे मंद करा, बोलू नका, दोन-तीन मिनिटं नुसते उभे राहा. दिवसाच्या कलकलाटात न ऐकू येणारी ओलसर घरघर, बारीक शिंका, मधूनच एखादी मान झटकल्याचा आवाज तेव्हा स्पष्ट कळतो. आयबीची एक खूण म्हणजे वेग. विषाणू शिरल्यापासून लक्षणं दिसायला बहुधा १८ ते ३६ तास पुरतात आणि दोन-तीन दिवसांत सगळं शेड एका सुरात घरघरू लागतं. कोरायझा किंवा मायकोप्लाझ्मा हे जिवाणूंचे श्वसनाचे आजार असे एका झटक्यात शेड व्यापत नाहीत.

तरी नुसत्या आवाजावर शिक्का मारू नका. मान वाकडी होणं, पाय लुळे पडणं, हिरवी हगवण आणि मोठी मरतूक असेल तर राणीखेतचा विचार आधी. रक्तमिश्रित कफ उडत असेल तर आयएलटी, म्हणजे इन्फेक्शियस लॅरिंगोट्रॅकायटिस. एच९एन२ हा सौम्य बर्ड फ्लूचा प्रकार तर आयबीसारखाच दिसतो, आणि दोन्ही एकत्र आले की मरतूक अचानक चढते. बर्ड फ्लूची पुसटशी शंका असली तरी पशुवैद्यकीय यंत्रणेला कळवायचं आणि पक्षी कापत बसायचं नाही.

शवविच्छेदनात श्वासनलिका उभी चिरा. आत पातळ चिकट स्राव, थोडी लाली, आणि दोन फाट्यांच्या तोंडाशी कधी कधी पिवळसर चीजसारखा खडा. पिल्लू गुदमरून मरतं ते याच खड्यानं. मग किडनी बघा. किडनी पाठीच्या कण्याला चिकटून हाडांच्या खोबणीत असते, म्हणून घाईत पाहायची राहून जाते. किडनीवर चाल करणाऱ्या प्रकारात ती फुगून खोबणीतून वर येते, फिकट होते, आणि तिच्यावर खडूच्या भुकटीसारख्या पांढऱ्या रेघा दिसतात. ते साठलेले युरेट, म्हणजे युरिक आम्लाचे क्षार. अशा लॉटमध्ये घरघर दोन दिवसांत थांबते, मालक सुटकेचा श्वास टाकतो, आणि मग ओली विष्ठा व मरतूक सुरू होते.

अंड्यावरच्या पक्ष्यांत सपाट ताटलीचा प्रयोग करा. दहा-बारा अंडी फोडा. ताज्या चांगल्या अंड्यात बलकाभोवती पांढऱ्याची घट्ट, उंच गादी दिसते. आयबीत ती विरघळल्यासारखी होते आणि पांढरं पाण्यासारखं ताटलीभर पसरतं. कवच खरखरीत, सुरकुतलेलं, वाकडं; तपकिरी अंड्यांचा रंग उडालेला. ईडीएस (एग ड्रॉप सिंड्रोम) या आजारातही कवच बिघडतं, पण आतलं पांढरं सहसा इतकं बिघडत नाही. हा फरक फुकटात कळतो.

आणखी एक प्रकार वेगळ्या वेळी उघडा पडतो. पहिल्या दोन आठवड्यांत पिल्लांना विषाणूनं गाठलं, विशेषतः क्यूएक्ससारख्यानं, तर त्यांची अंडनलिका कायमची बिघडू शकते. तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या माद्या, दिसायला झकास वाढतात, तुरा लाल होतो, कळपात काही खोट दिसत नाही. पण अंड्यावर येण्याची वेळ झाली की उत्पादनाचा आलेख मध्येच अडकतो. काहींच्या पोटात पाण्यानं भरलेली अंडनलिकेची पिशवी असते आणि त्या पेंग्विनसारख्या ताठ उभ्या राहतात. तेव्हा खाद्य बदलून काही हाती लागत नाही. चार महिन्यांपूर्वीच्या ब्रूडिंगच्या, म्हणजे पिल्लं उबेत ठेवली होती त्या काळातल्या, नोंदी काढायच्या.

दुसरी पायरी: नमुना योग्य पक्ष्याचा, योग्य अवयवाचा

आठवडाभर कुढत असलेला, मरायला टेकलेला पक्षी नमुन्यासाठी निवडला जातो, ही नेहमीची चूक. त्याच्या श्वासनलिकेतून विषाणू केव्हाच ओसरलेला असतो आणि हाती लागतो तो नंतर शिरलेला ई. कोलाय जिवाणू. ज्याला कालच शिंका सुरू झाल्या, तोच पक्षी हवा.

पहिल्या चार-पाच दिवसांत श्वासनलिकेचे स्वॅब उत्तम. दहा पक्ष्यांचे घ्या. त्यानंतर किडनी, सीकल टॉन्सिल (आतड्यातल्या गाठी) आणि अंड्याच्या पक्ष्यांत अंडनलिका. प्रत्येक अवयव वेगळ्या कुपीत. श्वासनलिका आणि आतडं एकाच कुपीत टाकलं तर उत्तर वाचता येत नाही, कारण लसीतला विषाणू आतड्याच्या बाजूला कित्येक आठवडे मुक्काम करून राहतो. किडनीत सापडलेला विषाणू आजाराशी जोडणं त्या मानानं जास्त सयुक्तिक.

नमुने बर्फावर, प्रयोगशाळेनं दिलेल्या द्रावणात, शक्य तितक्या लवकर. साखळी सांभाळता येत नसेल तर एफटीए कार्ड वापरा: अवयवाचा ठसा कार्डावर उमटवायचा, सुकवायचा, पाकिटात घालायचा. त्यावरून जनुकीय तपासणी होते, मात्र त्यातून जिवंत विषाणू वाढवता येत नाही. रक्तजलाचे नमुने दोनदा घ्यावे लागतात, आजाराच्या सुरुवातीला आणि साधारण तीन आठवड्यांनी. एकट्या टायटरच्या, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांच्या पातळीच्या, आकड्यावरून विषाणूचा प्रकार ठरत नाही. ही पातळी मोजणारी एलायझा चाचणी प्रकार सांगतच नाही.

सोबतच्या कागदावर वय, लक्षणं सुरू झाल्याची तारीख, आणि दिलेल्या प्रत्येक जिवंत लसीचं नाव व तारीख लिहा. हा रकाना रिकामा ठेवून पाठवलेला नमुना म्हणजे प्रयोगशाळेला डोळे बांधून कामाला लावणं.

तिसरी पायरी: अहवाल वाचायचा कसा

'आयबी पॉझिटिव्ह' एवढाच शेरा असेल तर त्याचा अर्थ फार थोडा. पंधरा दिवसांपूर्वी जिवंत लस दिलेल्या कळपात तो पॉझिटिव्ह येणारच. म्हणून तिथे न थांबता एस१ चा क्रम, म्हणजे त्या जनुकातल्या अक्षरांची मांडणी, मागा.

क्रम आला की दोन गोष्टी तपासा. पहिली, तो तुम्ही दिलेल्या लसीशी किती जुळतो. ९९ टक्क्यांच्या वर जुळत असेल तर बहुधा लसीचाच विषाणू हाती लागला आहे आणि आजाराचं कारण दुसरीकडे शोधायला हवं, किंवा लसच कळपात नीट बसलेली नाही. जी लस तुम्ही दिलीच नाही तिच्याशी इतका जुळत असेल, तर शेजारच्या शेडची लस तुमच्याकडे फिरतेय का ते विचारा. दुसरी गोष्ट, एस१ चा किती भाग वाचला गेला. बऱ्याच ठिकाणी त्यातला सर्वांत बदलणारा छोटा तुकडाच वाचतात. कामचलाऊ ओळखीसाठी तो पुरतो. पण मिश्र विषाणू असेल तर तुकडा एका घराण्याचा आणि उरलेला भाग दुसऱ्याचा, असं होऊ शकतं. मोठा निर्णय घ्यायचा असेल तर पूर्ण एस१ करून घ्या.

शिवाय साध्या क्रमवाचनात नमुन्यात जो विषाणू जास्त, तोच दिसतो. खाली दुसरा दबून बसलेला असला तर कळत नाही. म्हणून एका नमुन्यावर संपूर्ण कार्यक्रम बदलायला माझा नेहमी विरोध असतो. दोन-तीन लॉटमध्ये, वेगवेगळ्या अवयवांत तोच सापडला तर बोलू.

चौथी पायरी: लस पक्ष्यापर्यंत पोहोचली होती का

या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो, आणि नव्या लसीच्या शोधात निघालेल्या माणसाला हीच सर्वांत कंटाळवाणी वाटते.

आयबीची जिवंत लस नाजूक असते. कुपी २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे, हे सगळ्यांना पाठ असतं. पण फ्रीजच्या दारात ठेवलेली कुपी दिवसातून वीस वेळा हवा खाते, याकडे कुणाचं लक्ष नसतं. पातळ केलेली लस दोन तासांच्या आत संपली पाहिजे. आणि एक हजाराची कुपी दोन हजार पिल्लांवर पुरवणं ही बचत नव्हे. ज्यांना डोस मिळत नाही त्यांच्यात लसीचा विषाणू शेजाऱ्याकडून पोहोचतो, पुढे आणखी शेजाऱ्याकडे. असा पिल्लामागून पिल्लू फिरताना तो पुन्हा तापट होऊ शकतो. लसीनंतर तीन-चार दिवसांत हलक्या शिंका येऊन आठवड्यात थांबायला हव्यात. त्या तीन आठवडे रेंगाळत असतील तर बऱ्याचदा हेच घडत असतं. लोक त्याला 'लस कडक आहे' म्हणतात. कडक नाही, अर्धवट दिलेली आहे.

पाण्यातून देत असाल तर क्लोरीन, जंतुनाशक, आम्ल हे सगळं आदल्या दिवसापासून बंद, टाकीतही आणि लाइनमध्येही. लिटरला सुमारे २ ते २.५ ग्रॅम स्किम्ड दूध पावडर लस घालण्याच्या वीस-तीस मिनिटं आधी पाण्यात विरघळवा. उरलासुरला क्लोरीन ती निष्प्रभ करते. साय असलेलं दूध नको, पाणी पिण्याचे निपल चोंदतात. पाण्याचा ढोबळ हिशोब असा: दर हजार पक्ष्यांना, वय जितके दिवस तितके लिटर. चौदा दिवसांच्या हजार पिल्लांना चौदा लिटर. हवा उष्ण असेल तर थोडं वाढवा. लसीआधी तास-दोन तास पाणी तोडा, उष्ण हवेत त्याहून कमी. मग लाइनच्या शेवटच्या टोकाचा निपल उघडून लसीचं पाणी तिथपर्यंत आलंय हे डोळ्यांनी बघा.

एका शेडमध्ये हेच राहिलं होतं. टाकीत लस घातली, पण लाइनमध्ये आधीचं साधं पाणी तसंच भरलेलं. तहानलेल्या पिल्लांनी ते आधी पिऊन पोट भरलं आणि लस आली तेव्हा टोकाकडची निम्मी पिल्लं निपलाकडे फिरकलीच नाहीत. पुढे आजार आला तोही नेमका त्याच टोकापासून. पाण्यात निळा रंग टाकला असता तर अर्ध्या तासात कळलं असतं. शंभर पिल्लं पकडून जिभा बघायच्या. नव्वदच्या वर निळ्या दिसल्या पाहिजेत.

फवाऱ्यानं देणं आयबीसाठी जास्त चांगलं, कारण लस थेट डोळ्यांत, नाकात आणि श्वासनलिकेत पोहोचते. पहिल्या दिवशी हॅचरीत पिल्लांच्या पेटीवर भरड थेंबाचा फवारा मारतात. थेंब फार बारीक झाला तर तो फुप्फुसात खोल उतरून पिल्लांना त्रास देतो, शिवाय हवेतच सुकतो. पेटीच्या तळाशी कोरा कागद ठेवून रंगीत पाण्याचा एक फवारा मारून बघा: चारही कोपऱ्यांत सारखे ठिपके पडले का? मध्ये दाट आणि कोपरे कोरे असतील तर कोपऱ्यातली पिल्लं रोज लसीवाचून जाताहेत. फवारल्यावर पिल्लांना काही मिनिटं उजेडात ठेवा. एकमेकांच्या अंगावरचे थेंब ती टिपतात, त्यानंही लस पोचते.

खात्री करायची तर लसीनंतर पाच-सात दिवसांनी वीसेक पिल्लांच्या श्वासनलिकेचे स्वॅब पीसीआरला द्या, प्रत्येक पिल्लाचा वेगळा. लसीचा विषाणू बहुतेकांत सापडला पाहिजे. निम्म्यांतच सापडला, तर नव्या व्हेरियंटचा विचार बाजूला ठेवून पंप, नोझल आणि पाण्याकडे वळा.

पाचवी पायरी: लसींची जोडी निवडणं

पाया मॅसॅच्युसेट्स प्रकारचा. नेदरलँड्समध्ये तयार झालेली एच१२० ही त्यातली जुनी आणि सौम्य. अंड्यांमधून १२० वेळा वाढवून ती मवाळ केली, म्हणून नावात १२०. ५२ वेळा वाढवलेली एच५२ त्यामानानं कडक, कोवळ्या पिल्लांसाठी नव्हे.

दुसरी लस वेगळ्या प्रकारची, तुमच्या भागात खरोखर सापडलेल्या विषाणूवर चालणारी. मांसल पक्ष्यांत पहिल्या दिवशी मॅसॅच्युसेट्स आणि दहा-चौदा दिवसांच्या सुमारास दुसरी, किंवा उत्पादकानं परवानगी दिली असेल तर दोन्ही पहिल्याच दिवशी. आईकडून आलेली प्रतिपिंडं रक्तात असतात, पण श्वासनलिकेच्या पृष्ठभागावर जी राखण लागते तिला त्यांचा फारसा अडथळा होत नाही. म्हणून आयबीची लस पहिल्या दिवशीही काम करते.

जो प्रकार तुमच्या भागात नाही, त्याची जिवंत लस 'असू द्या खबरदारी म्हणून' आणू नका. जिवंत लस म्हणजे तुम्ही स्वतः कळपात सोडलेला विषाणू. तो पसरतो, शेजारी जातो, आणि दुसऱ्या विषाणूशी अदलाबदल करायला कच्चा माल पुरवतो. अमेरिकेत आर्कान्सा प्रकारच्या लसीचा असाच धडा मिळाला: लसीतच अल्प प्रमाणात असलेले काही विषाणू पिल्लांमध्ये वरचढ ठरून कळपात टिकून राहिले. परवाना नसलेली, कुणीतरी बॅगेतून आणलेली कुपी तर दारातही घेऊ नये.

राणीखेतची लासोटा लस आणि आयबीची लस आपल्या मनानं एका बादलीत मिसळू नका. आयबीचा विषाणू राणीखेतच्या लसीला मागे रेटतो. उत्पादकानं प्रमाण ठरवून एकत्र केलेली कुपी असेल तर ठीक, नाहीतर दोन आठवड्यांचं अंतर ठेवा.

अंड्याच्या आणि पैदाशीच्या पक्ष्यांत वाढीच्या काळात जिवंत लसींनी दोन-तीनदा पाया पक्का करा. मग १४ ते १८ आठवड्यांच्या दरम्यान निष्क्रिय (मारलेल्या विषाणूच्या) लसीचं इंजेक्शन, शेवटच्या जिवंत लसीनंतर चार ते सहा आठवड्यांचं अंतर राखून. पाया न घालता नुसतं इंजेक्शन दिलं तर टायटरचा कागद दिसायला छान येतो, अंडनलिका मात्र उघडीच राहते. उत्पादनाच्या काळात काही ठिकाणी दर सहा ते आठ आठवड्यांनी सौम्य जिवंत लस पुन्हा देतात. ते गरजेनुसार ठरवा. शेजारी देतो म्हणून नको.

सहावी पायरी: शेडची शिस्त

विषाणूला चरबीचं वेष्टण असतं, त्यामुळे नेहमीची जंतुनाशकं आणि उष्णता त्याला मारतात. ५६ अंशांना बहुतेक प्रकार पंधरा मिनिटांत संपतात. पण जंतुनाशक घाणीवर ओतलं तर वाया जातं. आधी जमिनीवरची भुशाची गादी उचला, खरवडा, साबणाच्या पाण्यानं धुवा, वाळू द्या, मग फवारा. थंडीत विषाणू बाहेर जास्त तग धरतो, तेव्हा दोन लॉटमधली मोकळीक वाढवा.

वेगवेगळ्या वयाचे कळप एकाच आवारात असतील तर कोणत्याही लसीनं पूर्ण समाधान होणार नाही, हे स्पष्ट सांगतो. बरा झालेला पक्षी विष्ठेतून कित्येक आठवडे विषाणू टाकत राहतो आणि अंड्यावर येण्याच्या सुमारास, शरीरावर ताण आला की, तो पुन्हा टाकू लागल्याचं दिसून आलं आहे. त्यामुळे फेरी लहान पिल्लांपासून सुरू करा आणि मोठ्यांकडे संपवा. बूट प्रत्येक शेडचे वेगळे. अमोनियानं डोळे चुरचुरत असतील तर समजा की श्वासनलिकेतली सूक्ष्म लव आधीच झिजतेय, आणि कचरा वर ढकलून बाहेर काढणारी हीच ती लव.

साथ चालू असताना

विषाणूवर औषध नाही. ब्रूडिंगचं तापमान दोन-तीन अंशांनी वाढवा, झोत टाळून हवा खेळती ठेवा, गर्दी कमी करा. प्रतिजैविक फक्त ई. कोलायसारखा दुसरा संसर्ग सिद्ध झाला तर, पशुवैद्यकाच्या सल्ल्यानं. किडनी सुजलेली असेल तर सल्फा आणि जेंटामायसिनसारखी किडनीवर ताण आणणारी औषधं टाळा, खाद्यातली प्रथिनं काही दिवस कमी करा, पाण्यातून इलेक्ट्रोलाइट द्या. ऐन साथीत जिवंत लस देऊन आग विझवायला जाऊ नका.

अंड्यांची घट पाच टक्केही असते आणि पन्नासही. सावरायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि पूर्वीचा आकडा बऱ्याचदा गाठलाच जात नाही. कळप ठेवायचा की काढायचा हे त्या आठ आठवड्यांच्या खाद्याचा हिशोब मांडून ठरवा.

कार्यक्रम बदलल्यावर

बदल एका वेळी एकच करा. लस, नोझल आणि हॅचरी तिन्ही एकदम बदललं तर कशानं फरक पडला हे कधीच कळत नाही. तीन-चार लॉट सलग बघा: तिसऱ्या आठवड्यानंतरची घरघर, किडनी खराब होऊन गेलेली मरतूक, कत्तलीच्या वेळी हवेच्या पिशव्या खराब निघालेले पक्षी, अंड्याच्या कळपात ताटलीवरचं पांढरं. मोठ्या प्रयोगशाळेत एक नेमकी चाचणी होते: लस दिलेल्या पिल्लांना तुमच्याकडचा विषाणू देतात, पाच-सहा दिवसांनी श्वासनलिकेच्या पातळ चकत्या कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. लव लयीत हलत असेल तर पिल्लू वाचलं, थिजली असेल तर लस कमी पडली. जनुकीय क्रम कितीही वेगळा दिसो, लव हलत असेल तर लस बदलायचं कारण नाही.

आणि एक छोटं काम. लस मिसळून झाली की रिकाम्या कुपीचं लेबल ओलं करून सोला आणि लॉटच्या वहीत त्या तारखेखाली चिकटवा. बाजूला लिहा: पाणी किती लिटर, किती वाजता सुरू, किती वाजता संपलं, कोणाच्या हातून, किती जिभा निळ्या.